चिमटा बंद होता

पहाटे पाचला बाटली काढायला गेले
तर बाटली भरलेली.
नळीवरचा निळा चिमटा बंद,
रात्री माझ्याच बोटांनी लावलेला,
तेवढ्यात चार नंबरला रक्तस्राव सुरू झाला
आणि उघडायचा राहिला.

म्हणजे वेदनेचं औषध गेलंच नाही.
आणि खाट नंबर नऊ,
हुसेनबाशा शिकलगार, वय एकसष्ट,
सतारी घडवणारं उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये,
तोंड उघडं टाकून झोपलेले.
मिरज जंक्शनच्या बाकावर
गाडी चुकलेला माणूस झोपतो तसे.

मग आठवलं.
साडेअकराला कण्हत होते.
मी बाटलीवर टिचकी मारून म्हटलं होतं,
"दिलंय बरं का चाचा. दहा मिनिटांत उतरेल."
त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
दहाव्या मिनिटाला
कपाळाची आठी
कुणी इस्त्री फिरवावी तशी गेली.

रजिस्टरात खरं ते लिहिलं.
डॉक्टर सन्मती मगदूम आधी तडकल्या,
मग चहाच्या टपरीवर, बशीत फुंकर घालत म्हणाल्या,
आवळे सिस्टर, मेंदू काही
दारात उभा राहून पोस्टमनची वाट बघत नाही.
पत्रात काय असणार ते तो आधीच लिहून ठेवतो,
आलेलं पत्र फक्त ताडून बघतो.
तुम्ही "दिलंय" म्हणालात,
त्यानं घरचीच अफू काढून दिली.
खोटी नव्हे. अफूचा उतारा टोचला
तर हीसुद्धा उतरते.

आणि उलटंही असतं, त्या म्हणाल्या.
खरं औषध गुपचूप सोडलं, मशीननं, न सांगता,
तर ते अर्ध्यावरच दमतं.
आपला तो नवा इंटर्न, सुई टोचण्याआधी
"आता चांगलंच दुखेल हं" म्हणतो ना,
त्याच्या हातचं सगळ्यांनाच दुखतं.

चहा गार झाला.
मला बंद चिमट्याचं काहीच वाटेना आता.
वाटत होतं त्या उघड्या चिमट्यांचं.
सव्वीस वर्षं.
किती रात्री मान खाली घालून, मनात घरचा गॅस बंद केला का हे घोळवत,
एक शब्द न बोलता औषध सोडलं
आणि पुढच्या खाटेकडे गेले.
ते सगळं अर्धंच पोचलं असेल.
बाकीचं अर्धं माझ्या जिभेवर होतं,
आणि मी ते
पानाबरोबर गिळत राहिले.

दुपारी चाचांना सांगितलं. राहवेना.
"त्या रात्री काही गेलंच नव्हतं."
ते बराच वेळ प्लॅस्टरकडे बघत बसले.
"आत्ता जरा ठणकायला लागलंय बगा," म्हणाले.
मग हसले, खोकला येईपर्यंत.
"बाई, तार तीच असती.
घोडीवर तासायचं असतं, केसाएवढं.
जवारी लागली की तीच तार दुसरंच बोलती.
तुमी माजी जवारी काढली.
पण कारागिरानं कानस दाखवायची नसती गिऱ्हाइकाला."

त्या रात्री चिमटा उघडा आहे का ते दोनदा बघितलं.
थेंब पडतोय, बघितला.
आणि वाकून, कानाशी, सावकाश,
त्यांच्या नावासकट म्हटलं,
"दिलंय."
"खरं?"
"खरं."
"मग त्या दिवसापेक्षा जास्त उतरलं पायजे," म्हणाले
आणि घड्याळाकडे बघू लागले.

घरी आले. ब्राह्मणपुरीच्या चढावर कंबर धरली, नेहमीसारखी.
मलमाची ट्यूब संपलेली, पिळून पिळून चपटी.
तरी रिकामं बोट फिरवलं
आणि माझ्या ड्यूटीच्या आवाजात म्हटलं,
रूथ, दिलंय बरं का. दहा मिनिटं.

अर्धं पटलं.
अर्धं उतरलं.